आजीच्या आजीचा दाखला

१७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्राएलच्या संसदेने ठराव केला, की भारतातून आलेले बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत आणि इतर ज्यूंना जे हक्क आहेत ते सगळे त्यांनाही आहेत. तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. पण त्या ठरावामागची हकिकत आमच्या ठाण्याच्या घरात मी लहानपणभर ऐकली आणि आता साठ वर्षं उलटल्यावरही ती मला सोडत नाही.

माझा काका तेव्हा दिमोनाला होता. इस्राएलच्या वाळवंटातल्या त्या नव्या गावात आमची बरीच माणसं गेली होती. त्याचं लग्न बेने इस्राएल नसलेल्या एका ज्यू मुलीशी ठरलं आणि नोंदणीच्या कार्यालयात त्याला सांगण्यात आलं, की आईचं, आजीचं, तिच्या आजीचं मूळ दाखवा. १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने नोंदणी करणाऱ्यांना तशा सूचनाच दिल्या होत्या. कोकणात शतकानुशतकं रब्बी नव्हते, तेव्हा घटस्फोट, पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून, अशी त्यांची शंका. शास्त्राच्या बाजूने पाहिलं तर शंकेला आधार होता, हे मी मान्य करते. पण रोह्याकडच्या तेल्याच्या घरात आजीच्या आजीचा दाखला कुठून असणार? शेवटी आमची माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, तेव्हा कुठे तो ठराव झाला.

आमच्याकडे कागद नव्हते, घरातली शिस्त होती. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, ही आमची परंपरागत कथा. पोथ्या बुडाल्या, हिब्रू विसरली, उरली ती शेमाची प्रार्थना. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हांला शनिवार तेली म्हणू लागलं. मुलाची सुंता आठव्या दिवशी. आणि खवले नसलेली मासळी वर्ज्य. समुद्राच्या काठावर राहून कोळंबी, तिसऱ्या, चिंबोऱ्या पिढ्यान्‌पिढ्या घरात न येऊ देणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

कोकणाने आम्हांला मूळ विचारलं नाही. याचे फार गोडवे गाऊ नयेत, कारण जातींनी वाटलेल्या गावात प्रत्येकाचं आळीपुरतं वेगळेपण सगळ्यांनाच मान्य होतं. आमचीही एक इस्राएल आळी होती, एवढंच. तरी धर्मासाठी कुणी आमच्या अंगावर धावून आलं नाही, हे खरंच आहे. आम्ही पेणकर, दिवेकर, चेऊलकर झालो. शेजाऱ्यांचं पाहून विधवेचं लग्न न लावणं आणि गोमांस न खाणंही आमच्यात आलं. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या प्रार्थनेची पोथी हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्या चित्रांत बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यांत आहेत.

माझा विश्वास माझ्या आईच्या स्वयंपाकघरात घडला. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, तर आई मटणाला नारळाचं दूध घालायची आणि धर्म पाळतानाही कोकणी चव राहायची. शब्बाथला वाइन मिळायची नाही म्हणून काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्याचं सरबत. नवस फेडायला किंवा लग्नाआधी मलिदा: भिजवलेले पोहे, गूळ, खवलेलं ओलं खोबरं, वेलची-जायफळ, वर फळं मांडलेली. वासासाठी सब्जाची डहाळी. एकेका फळावर हिब्रू आशीर्वाद म्हणायचा आणि संदेष्टा एलियाहू हन्नाबीचं नाव घ्यायचं. जगातले इतर ज्यूही एलियाहूची वाट पाहतात, पण त्याला पोहे आम्हीच देतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला तो रथातून येऊन गेल्याच्या खुणा खडकावर आहेत, असं आमची माणसं मानतात. मीही मानते.

त्या ठरावाच्या हकिकतीतला एक भाग मात्र घरात दबक्या आवाजात बोलला जाई. जो प्रश्न आम्हांला जेरुसलेममध्ये विचारला गेला, तो त्याआधी मुंबईत बगदादी ज्यूंनीही विचारला होता; प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा पुरुषांत ते आम्हांला धरायचे नाहीत. १९३५ साली रंगूनच्या सिनेगॉगमधल्या मताधिकाराचा वाद तर न्यायालयात गेला आणि तिथे आम्ही जिंकलो. पण आम्ही स्वतः काय केलं? बाहेरच्या बाईपासून झालेल्या मुलांच्या वंशजांना ‘काळे इस्राएल’ म्हटलं, स्वतःला ‘गोरे’. त्यांच्याशी सोयरीक नाही, एका ताटात जेवण नाही. शेमा तोच, शनिवार तोच. काकाचा अपमान सांगताना ज्यांचे डोळे भरायचे, त्याच माणसांना हे बोललेलं चालत नसे. माझ्या मते दिमोनाच्या अन्यायाविरुद्ध आमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं आणि म्हणूनच आमच्या आळीतला अन्याय अधिक बोचतो.

आज भारतात आम्ही पाच हजारही उरलेलो नाही. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. ठाण्याच्या १८७९ सालच्या सिनेगॉगमध्ये सणावाराला अजून गर्दी होते. दिमोना, अश्दोद, लोद इथल्या नातवंडांना मराठी कळते, पण बोलता येत नाही. काकाच्या नातवाचं लग्न मोरोक्कन ज्यू घराण्यातल्या मुलीशी झालं, तेव्हा कुणाचीही आजी तपासली गेली नाही. मोरोक्कन ज्यूंतही लग्नाआधी मेंदी असते. मेंदी कुणी कालवायची यावर दोन्हीकडच्या बायकांचं रंगलेलं भांडण हिब्रूत आणि मराठीत ऐकताना मला फार आनंद झाला.

हल्ली मी घराण्याची वही लिहिते आहे, त्या नातवंडांसाठी. पणजोबांच्या एका भावाची शाखा आमच्या वंशावळीत कधी लिहिलीच गेली नव्हती. त्याची बायको बेने इस्राएल नव्हती. रेवदंड्याकडच्या एका वृद्ध आत्याबाईंकडून त्या शाखेतली नावं मिळाली आणि ती मी इतरांच्याच रांगेत, त्याच शाईने लिहिली आहेत. त्या बायकोचं नाव अजून मिळालेलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा रेवदंड्याला जाणार आहे.