अकोल्याचा फटकारा
पूर्णा जंक्शनवरून हिंगोली, वाशीममार्गे अकोल्याला जाणारी गाडी परभणीकरांच्या ओळखीची. त्या अकोल्यात १९२२ साली अंबादास खोब्रागडे जन्मले. चित्रकलेच्या जगात ते नुसते ‘अंबादास’. आपल्या भागात हे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, याची मला खंत वाटते.

त्यांचं काम समजून घ्यायला आधी पॅरिसकडे पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे ‘ताशिझम’ नावाची अमूर्त चित्रशैली पुढे आली. आखीव भूमितीला कंटाळलेल्या वोल्स, जॉर्ज मात्यू या चित्रकारांनी आधी रेखाटन करणं सोडलं आणि ओघळ, शिंतोडे, फटकारे यांतूनच चित्र घडवलं. १९५६ मध्ये मात्यूने तिथल्या सारा बर्नहार्ट नाट्यगृहात प्रेक्षकांदेखत बारा मीटर लांबीचा कॅनव्हास रंगवला.

अंबादास यांच्या कामात असा देखावा नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. चित्रात मात्र माणूस, झाड, घर यांपैकी काहीच ठेवलं नाही. ठेवला तो रुंद ब्रशचा फटकारा. तेलरंग वाहता होईपर्यंत पातळ करायचा आणि वळणं घेत ओढायचा. एकाच फटकाऱ्यात रंगाचे धागे सुटे होतात, एकमेकांना ढकलतात, पुराच्या गढूळ पाण्यासारखे पिळवटतात. असा ओला रंग चूक पोटात घालत नाही. त्यावर पुन्हा हात फिरवला की सगळा चिखल. म्हणून ही उत्स्फूर्तता मला बेफिकिरीच्या अगदी उलट वाटते. क्षणात उमटणाऱ्या रेषेमागे वर्षांची तालीम असते. नागपुरात १९२४ साली जन्मलेले चित्रकार गायतोंडेही अमूर्तच, पण ते रोलरने, सुरीने थर चढवत, खरवडत सावकाश जायचे. अंबादास यांचा सगळा जीव मनगटात.

१९६३ मध्ये दिल्लीत ‘ग्रुप १८९०’ या कलावंतांच्या गटाचं एकमेव प्रदर्शन भरलं. भावनगरच्या ज्या घरात हा गट जमला, त्या घराचा क्रमांकच त्याचं नाव झाला. बारा जणांत चित्रकार स्वामीनाथन होते, अंबादास होते. उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं, पुस्तिकेची प्रस्तावना मेक्सिकन कवी ओक्तावियो पाझ यांनी लिहिली. पुढे गट विरला.

अंबादास १९७०च्या दशकात नॉर्वेला गेले आणि तिथलेच झाले. देश बदलला, हवा बदलली, तरी कॅनव्हासवर माणूस किंवा झाड परत आलं नाही. २०१२ साली ते गेले, तोवर फटकारा तोच होता.