एचआयव्ही आणि विस्मरण : धोका नेमका कोणाला?

एचआयव्ही म्हटले की प्रतिकारशक्तीचा ऱ्हास डोळ्यांपुढे येतो. हा विषाणू मेंदूपर्यंतही पोहोचतो, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असते. संसर्ग झाल्यानंतर काही आठवड्यांतच रक्तातील बाधित पेशींबरोबर तो मेंदूत शिरतो. तेथील चेतापेशींना तो थेट बाधित करीत नाही. मेंदूतील संरक्षक पेशींमध्ये मात्र ठाण मांडतो. त्यातून होणारा दाह दीर्घकाळ धुमसत राहतो आणि चेतापेशींची हानी होते. विस्मरण, एकाग्रतेचा अभाव, विचारांचा व हालचालींचा मंदावलेला वेग ही त्याची लक्षणे होत.

अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत १९९६ पासून रूढ झाली आणि एचआयव्हीमुळे होणारा तीव्र स्मृतिभ्रंश बराच कमी झाला. सौम्य तक्रारी मात्र उरल्या. अमेरिकेतील १,५५५ बाधितांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५२ टक्के जणांच्या बौद्धिक क्षमतेत काही ना काही उणीव आढळली. तीव्र स्मृतिभ्रंशाचे प्रमाण मात्र दोन टक्क्यांच्या आसपास होते. केवळ चाचणीत गुण कमी मिळाले म्हणून मेंदूला इजा झाली असे मानू नये, असे संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०२३ मध्ये बजावले. शिक्षण आणि भाषा यांचाही गुणांवर परिणाम होतो.

मग धोका अधिक कोणाला? सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे सीडी-४ पेशींनी आजवर गाठलेला नीचांक. उपचारांनी ही संख्या पुन्हा वाढली, तरी पूर्वीच्या घसरणीची खूण मेंदूवर राहू शकते. प्रतिकारशक्ती खालावलेली असताना क्षयाचा किंवा क्रिप्टोकॉकस बुरशीचा मेंदूज्वर झाल्यास हानी आणखी वाढते. थोडक्यात, निदानाला झालेला उशीर मेंदूला महागात पडतो.

इतर घटक सर्वसामान्यांच्याही परिचयाचे आहेत. वाढते वय, मधुमेह, उच्च रक्तदाब, पोटाचा वाढलेला घेर, मद्यपान, अमली पदार्थ, नैराश्य आणि हिपॅटायटिस-सी यांचा त्यात समावेश होतो. उपचारांमुळे बाधितांचे आयुर्मान वाढल्याने या घटकांचे महत्त्वही वाढले आहे. त्यांतील बहुतेकांवर नियंत्रण ठेवता येते, ही दिलासा देणारी बाब आहे.

विस्मरणाचा सर्वांत मोठा धोका म्हणजे गोळ्या चुकणे. गोळ्या चुकल्या की विषाणू पुन्हा बळावतो आणि मेंदूची हानी वाढते, असे हे दुष्टचक्र आहे. घड्याळाचा गजर, वारांनुसार कप्पे असलेली डबी आणि विश्वासातील व्यक्तीने करून दिलेली आठवण यांनी ते तोडता येते. परंतु बदनामीच्या भीतीने जो आपला आजार घरातही लपवतो, त्याला आठवण कोण करून देणार?

विस्मरण जाणवू लागल्यास औषधे परस्पर बंद न करता एआरटी केंद्रातील डॉक्टरांना सांगावे. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा एखाद्या औषधाचा दुष्परिणाम हेही कारण असू शकते आणि त्यावर उपाय आहेत.

महाराष्ट्रासह देशातील सहा राज्ये व दिल्लीत एप्रिल २००४ पासून मोफत उपचारांना प्रारंभ झाला. सीडी-४ संख्या कितीही असली, तरी निदान होताच उपचार देण्याचे धोरण देशाने २०१७ मध्ये स्वीकारले. त्यामुळे सीडी-४ घसरण्याची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. वेळेवर केलेली रक्ततपासणी आणि अखंड औषधोपचार हेच मेंदूचे खरे संरक्षण होय.