‘एफवाय इथे कर, मग पुण्याला बदलून घेऊ’

बारावीनंतर हव्या त्या कॉलेजात नंबर लागला नाही की घरातलं कोणीतरी हे वाक्य हमखास उच्चारतं. मामा म्हणतात, आत्या म्हणते, क्लासचे सरही म्हणतात. त्या भरवशावर पोरगं पहिलं वर्ष कसंबसं काढतं आणि निकाल घेऊन ऑफिसच्या खिडकीशी उभं राहतं. तेव्हा कळतं, की विद्यापीठ बदलता येतं, पण ते नोकरीतल्या बदलीसारखं नसतं. नोकरीत वरून आदेश निघतो आणि पुढच्या गावी खुर्ची तयार असते. इथे खुर्ची आपणच शोधायची असते. या शोधात आड येणारे काही पक्के गैरसमज पाहू.

गैरसमज : गाव बदललं म्हणजे विद्यापीठ बदललं.

वस्तुस्थिती : नकाशा नीट पाहा. नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे हे तिन्ही जिल्हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात. त्यामुळे तिथल्या संलग्न कॉलेजातला विद्यार्थी नाशिकहून पुण्याला आला, तरी सहसा विद्यापीठ तेच राहतं. रत्नागिरीहून ठाण्याला जाणाराही मुंबई विद्यापीठातच असतो. उलट कराडहून पुणं तीन-साडेतीन तासांवर असलं, तरी सातारा जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे येतो, म्हणजे विद्यापीठ बदलतं. सावंतवाडीहून पणजी गाठली तर विद्यापीठाबरोबर राज्यही बदलतं. विद्यापीठ तेच असेल तर काम कॉलेजच्या एनओसी आणि टीसीवर भागतं. ते बदललं की मायग्रेशन आणि एलिजिबिलिटी या दोन पायऱ्या वाढतात.

इथे एक मेख आहे. स्वायत्त कॉलेजं विद्यापीठाशी संलग्न असली तरी अभ्यासक्रम स्वतःचा आखतात आणि परीक्षाही स्वतः घेतात. त्यामुळे एकाच विद्यापीठातल्या दोन कॉलेजांतही पेपर जुळतीलच असं नाही.

गैरसमज : मायग्रेशन सर्टिफिकेट हातात आलं की प्रवेश पक्का.

वस्तुस्थिती : मायग्रेशन एवढंच सांगतं, की जुन्या विद्यापीठाची तुम्ही दुसरीकडे जायला हरकत नाही. नव्या विद्यापीठाने तुम्हाला घेतलं, असा त्याचा अर्थ नाही. घेण्याचा निर्णय तिथला एलिजिबिलिटी विभाग करतो, आणि त्यानंतरच नवा पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, मिळतो. घाईत आधी टीसी आणि मायग्रेशन काढून बसलेला विद्यार्थी जुन्या कॉलेजच्या पटावरून उतरतो आणि नव्या पटावर चढलेला नसतो. म्हणून क्रम उलटा हवा : आधी नव्या ठिकाणची लेखी संमती, मग जुन्या ठिकाणचा निरोप.

गैरसमज : पहिलं वर्ष पास झालो, आता कुठेही दुसऱ्या वर्षात थेट बसता येईल.

वस्तुस्थिती : दोन गोष्टी जमाव्या लागतात. एक, दुसऱ्या वर्षात जागा रिकामी असायला हवी. दोन, पहिल्या वर्षाचे विषय तिथल्या विषयांशी जुळायला हवेत. तुमचं मार्कशीट आणि त्यांचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून हे ताडून पाहतात. एखाद-दुसरा विषय कमी पडला, तर काही ठिकाणी तो दुसऱ्या वर्षाबरोबर पूर्ण करू देतात. शाखाच बदलायची असेल, समजा विज्ञानातून व्यवस्थापनाकडे जायचं असेल, तर बहुतेक वेळा पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते.

गैरसमज : क्रेडिट बँकेत जमा आहेत, मग नाही कोण म्हणणार?

वस्तुस्थिती : विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू केली. कमावलेली क्रेडिट तिथे जास्तीत जास्त सात वर्षं जमा राहतात. पण ही बँक जमा-खर्च ठेवते, प्रवेश देत नाही. शिवाय त्याच नियमावलीनुसार जी संस्था पदवी देणार, तिथे किमान निम्मी क्रेडिट मिळवावी लागतात. तीन वर्षांच्या पदवीचं गणित मांडा : पहिल्या वर्षानंतर गेलात तर दोन तृतीयांश शिक्षण नव्या ठिकाणी होतं आणि अट आरामात पूर्ण होते. दुसऱ्या वर्षानंतर गेलात तर एक तृतीयांशच उरतं. म्हणून जायचंच असेल तर पहिल्या वर्षानंतरचा टप्पा सगळ्यात सोयीचा.

गैरसमज : एटीकेटी आहे, पण ती नव्या ठिकाणी सोडवू.

वस्तुस्थिती : नापास विषयाला क्रेडिटच मिळत नाही, मग न्यायचं काय? एटीकेटी ही त्या-त्या विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्याला दिलेली सवलत आहे आणि ती पाळण्याचं बंधन दुसऱ्या विद्यापीठावर नाही. शक्यतो सगळे पेपर सुटल्यावरच अर्ज करावा.

गैरसमज : इंजिनिअरिंगला ‘डायरेक्ट सेकंड इयर’चा रस्ता आहेच.

वस्तुस्थिती : तो रस्ता मुख्यतः डिप्लोमा झालेल्यांसाठी आहे. पदवीचं पहिलं वर्ष करून कॉलेज बदलणाऱ्यांनी त्या रांगेत उभं राहू नये. त्यांचे नियम आणि वेळापत्रक वेगळं असतं. वैद्यकीय, विधी अशा शाखांत तर त्या-त्या नियामक संस्थेचा नियम आधी पाहावा.

गैरसमज : सोडून गेलात तर उरलेल्या वर्षांची फी भरा, नाहीतर मूळ कागद मिळणार नाहीत.

वस्तुस्थिती : मूळ प्रमाणपत्रं तपासून परत द्यावीत, अडकवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या अधिसूचनेत बजावलं आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची (एआयसीटीई) मान्यता असलेल्या संस्थेला, प्रवेश रद्द करणाऱ्या विद्यार्थ्याकडून पुढच्या वर्षांची फी मागता येत नाही. मात्र चालू वर्षाची थकबाकी, ग्रंथालयाची पुस्तकं, वसतिगृहाचं देणं चुकतं करूनच निघावं. शिष्यवृत्तीचीही चौकशी आधीच करावी. महाडीबीटीवरचा अर्ज पहिल्यांदा संस्थेच्या लॉगिनमधून तपासला जातो, त्यामुळे संस्था बदलली की ती आपोआप मागे येईल असं धरून चालू नये.

गैरसमज : बदली झाली नाही, म्हणजे वर्ष वाया.

वस्तुस्थिती : नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत पहिल्या वर्षाची ४० क्रेडिट आणि ४ क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं, आणि तीन वर्षांच्या आत परतता येतं. २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करण्याची मुभाही आहे. चालू पदवी आहे तिथेच करत हवा असलेला दुसरा विषय मुक्त विद्यापीठातून शिकता येतो.

तेव्हा मामांनी पुढच्या वेळी ते वाक्य म्हटलं, तर त्यांचं मन मोडू नका. पण ज्या कॉलेजात पुढे जायचं आहे, त्याचा पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम त्याच दिवशी मागवा आणि इथले विषय निवडताना तो समोर ठेवा. बदलीची तयारी निकालाच्या दिवशी सुरू केली तर बहुधा उशीर झालेला असतो. ती पहिल्या प्रवेशाचा फॉर्म भरतानाच करायची असते.