प्रश्नानें उघडणारी कथा

धर्माच्या बाबतींत मुलांनीं फार विचारूं नये, वडील सांगतील तसें मुकाट्यानें वागावें, असा समज पुष्कळ घरांतून आढळतो. यहुदी परंपरेची रीत निराळी आहे. तेथें मुलाचा प्रश्न हाच धर्मशिक्षणाचा आरंभ होय.

वल्हांडणाच्या रात्रीं हें विशेष दिसून येतें. मिसर देशांतील दास्यांतून पूर्वज कसे सुटले, ही कथा त्या रात्रीं जेवणाच्या वेळीं घरोघर सांगतात. परंतु ती प्रश्नावांचून सुरू होत नाहीं. आज बिनखमिराची भाकरी कां, कडू भाजी कां, भाजी दोन वेळां बुडवावयाची ती कां आणि टेकून बसावयाचें तें कां, असें घरांतील सर्वांत लहान मूल विचारतें. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ग्रंथांतही मुलानें विचारावें व बापानें सांगावें, असाच क्रम आहे.

मात्र पाठ केलेले प्रश्न म्हणणें एवढाच त्याचा हेतु नाहीं. मुलांनीं चकित होऊन विचारावें म्हणून जेवणापूर्वींच समोरचें मेज उचलण्याची चाल असे. तल्मूद ग्रंथांत अशी हकीकत आहे कीं, राब्बा या गुरूपुढें बसलेल्या अबायेनें तें पाहून विचारलें, जेवण अजून झालें नाहीं, मग मेज कां नेतां? त्यावर गुरु म्हणाले कीं, आतां नेहमींचे प्रश्न म्हणण्याची गरज राहिली नाहीं. मनापासून आलेला प्रश्न पाठांतराहून श्रेष्ठ ठरला.

या रात्रीच्या पोथीला हग्गादा म्हणतात. तींत चार पुत्र वर्णिले आहेत: शहाणा, दुष्ट, भोळा व ज्याला विचारतांच येत नाहीं तो. तुमचा हा विधि कशासाठीं, असें विचारून स्वतः अलग राहणाऱ्या दुष्टास कडक उत्तर मिळतें. तथापि त्याचा प्रश्न पोथींतून वगळलेला नाहीं. चौथ्याच्या बाबतींत पालकानेंच बोलण्यास आरंभ करावयाचा असतो. १८७४ सालीं पुण्यास बेने इस्राएल समाजासाठीं मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली; तेव्हां हे चार पुत्र मराठींतूनही बोलले.

इ. स. ७० मध्यें यरुशलेमचें मंदिर उद्ध्वस्त झालें. पुढें देशोदेशीं विखुरलेल्या या समाजांत कथा पुढील पिढीच्या हातीं देण्याचा मोठा भार घरावर पडला. उद्धटपणें विचारणारें मूल निदान कथेजवळ आलेलें असतें. कांहींच न विचारणाऱ्या मुलापर्यंत पालकाला स्वतः जावें लागतें.