पाच व्होल्टचा कॅशियर

गेल्या पावसाळ्यात पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. रात्री रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात मी एकटाच. मुलगी परदेशी, त्यामुळे तिचे सारे लक्ष माझ्या फोनकडे. अकराच्या सुमारास पाहतो तो बॅटरी तीन टक्के! चार्जर घरी राहिलेला. खिशात नुसती वायर. भिंतीवरच्या टीव्हीला यूएसबीची खाच दिसली, तिच्यात ती खुपसली. अर्ध्या तासाने आकडा होता जेमतेम आठ. तेवढ्यात मुलीचा फोन आला. वायर काढून कानाला लावला. ‘‘बाबा, आई शुद्धीवर...’’ एवढे ऐकू आले आणि माझ्या जुन्या फोनने मान टाकली. तो पुन्हा सुरू होईपर्यंत वीस मिनिटे गेली. तेवढ्या वेळात त्या पोरीने तिकडे काय काय कल्पिले असेल!

दुसऱ्या दिवशी भाचा भेटायला आला. तो इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर. मी टीव्हीच्या नावाने खडे फोडू लागलो, तर तो म्हणाला, ‘‘मामा, टीव्हीची चूक नाही. तुमच्या फोनने विचारलं आणि त्याला हवं ते उत्तर मिळालं नाही.’’

मी चक्रावलो. फोन विचारतो? कोणाला?

यूएसबी १९९६ साली आली, ती कीबोर्ड, माऊस, प्रिंटर संगणकाला जोडण्यासाठी. तिच्या जनकांपैकी एक, अजय भट्ट, हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. त्या मूळच्या वायरीत चार तारा. दोन विजेच्या, पाच व्होल्टच्या, दोन निरोपाच्या. संगणकाच्या साध्या खाचेतून सुरुवातीला १०० मिलिअँपिअर आणि ओळख पटल्यावर ५०० मिलिअँपिअर घ्यावेत, असा दंडक होता. माऊसला ते चिक्कार. फोनला मात्र चहाच्या चमच्याने हंडा भरण्यासारखे.

मग फोन वाढले आणि २०१० पर्यंत चार्जिंगचे नियम ठरले. वायर जोडली, की फोन निरोपाच्या एका तारेवर सुमारे ०.६ व्होल्ट ठेवतो आणि दुसरीकडे पाहत राहतो. दुसरीवर काहीच उमटले नाही, तर खाच साधी, बेताने घ्यायचे. चार्जरमध्ये त्या दोन तारा आतून एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून तेच व्होल्ट पलीकडे दिसतात. फोन ओळखतो, हा भरल्या घरचा आहे, आणि दीड अँपिअरपर्यंत ओढू लागतो. काही संगणकांची खाच स्वतःच तसे उत्तर देते. तिच्यातून माहितीही जाते आणि जादा वीजही. ॲपलच्या उपकरणांची खूण आणखी निराळी, दोन तारांवर २ आणि २.७ व्होल्ट अशी. आलेला पाहुणा कोणत्या रीतीचा हे ताडून त्याला कळेल ते उत्तर देण्याचे काम खाचेमागची एक इवलीशी चिप करते. तिला चार्जिंग पोर्ट कंट्रोलर म्हणतात.

भाचा सांगत होता आणि मला आमची शाखा आठवत होती. नमुना सही ताडल्याशिवाय टोकन नाही, आणि अधिकाऱ्याच्या मर्यादेपलीकडचा चेक त्याच्या सहीने पास होत नाही.

‘‘अगदी तसंच,’’ भाचा म्हणाला. ‘‘चार्जर करंट ढकलत नाही, फोन तो ओढतो. म्हणून मर्यादा सांगून भागत नाही, ती सांभाळावीही लागते.’’

ते कामही याच चिपचे. खाचेत ओली पिन गेली, वायर आतून एकमेकींना टेकली, तर करंट एकदम उसळतो. चिपमधला स्विच काही मायक्रोसेकंदांत त्याला ठरलेल्या मर्यादेवर रोखून धरतो. पण बिघाडाची वर्दी ती लगेच देत नाही. काही मिलिसेकंद थांबते. कारण नवे उपकरण जोडताना क्षणभर उसळी यायचीच. उसळी टिकली आणि चिप तापू लागली, तर ती पुरवठा तोडते. पुष्कळ चिपा निवल्यावर पुन्हा जोडून पाहतात. काही मात्र कोणी मुद्दाम सुरू करीपर्यंत बंदच राहतात.

आता टाइप-सीच्या काळात हा संवाद वाढला आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे बोलणी करून २४० वॅटपर्यंत वीज घेता येते. पण रीत तीच. आधी विचारणे, मग देणे, आणि बिघडले तर हात आखडणे.

हे ऐकल्यावर मला आमच्या शयनगृहातला चार्जर आठवला. फुटपाथवर स्वस्तात घेतलेला. हात लावला तर चटका बसे, आणि सुटीत आलेला नातू त्याच्याशेजारी उशी घेऊन झोपे. आत रखवालदार आहे की नाही, हे मी कधी विचारलेच नव्हते. पस्तीस वर्षे बँकेत सह्या ताडणाऱ्या माणसाने!

घरी येताच तो चार्जर मी टाकून दिला. बीआयएसची खूण पाहून दोन नवे आणले. एक शयनगृहात असतो, दुसरा माझ्या पिशवीत. हल्ली मुलीचा फोन आला, की ती आईच्या गुडघ्याआधी विचारते, ‘‘बाबा, चार्जर घेतलाय ना?’’