रविवारची बस आणि डोंगरवाटा : यॉर्कशायर डेल्समधील सार्वजनिक वाहतुकीचा परिचय

प्रस्तावना

डोंगराळ प्रदेशातील पर्यटनाचा विचार करताना रस्ते, निवास आणि वाहनतळ यांची चर्चा विपुल होते. परंतु ज्याच्याकडे स्वतःचे वाहन नाही त्याने त्या प्रदेशात पोहोचावे कसे, हा प्रश्न सहसा दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर डेल्स या राष्ट्रीय उद्यानात सुट्टीच्या दिवशी धावणाऱ्या बससेवेचा परिचय करून द्यावयाचा आहे. ही सेवा कशी उभी राहिली, पायी हिंडणाऱ्यास तिचा नेमका उपयोग कोणता आणि ती नेहमी अडचणीत का असते, याची कारणमीमांसा करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी

'डेल' म्हणजे खोरे. व्हार्फ, स्वेल, यूर इत्यादी नद्यांनी कोरलेली ही खोरी, त्यांच्या मधल्या चुनखडीच्या पठारांसह, या उद्यानात मोडतात. येथील सर्वांत उंच डोंगर व्हर्नसाइड ७३६ मीटरचा आहे, म्हणजे आपल्या सिंहगडाहूनही ठेंगणा. इंग्लंडमधील राष्ट्रीय उद्यान हे आपल्याकडील राखीव अभयारण्य नव्हे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. त्यात गावे आहेत, शेते आहेत, मेंढ्यांची कुरणे आहेत, आणि बहुतांश जमीन खाजगी मालकीची आहे. त्या जमिनीतून जाणाऱ्या पायवाटांवर मात्र सर्वांचा कायदेशीर हक्क आहे.

१९४९ च्या राष्ट्रीय उद्यानविषयक कायद्याने निसर्गरम्य ग्रामीण प्रदेश सर्वसामान्य जनतेस खुला करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले आणि १९५४ मध्ये यॉर्कशायर डेल्स हे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. विसंगती अशी की, त्याच १९५४ साली वेन्सलीडेल खोऱ्यातील नॉर्थअलर्टन ते हॉज ही प्रवासी रेल्वेसेवा बंद झाली. ग्रासिंग्टनची प्रवासी गाडी तर १९३० सालीच थांबली होती. पुढे १९७० मध्ये सेटल–कार्लाइल मार्गावरील मधली बहुतेक स्थानकेही बंद करण्यात आली. डोंगर जनतेचे झाले आणि तेथे जाण्याची जनतेची साधने नाहीशी झाली.

यावर पहिला परिणामकारक उपाय १९७५ मध्ये योजला गेला. उद्यानाच्या व्यवस्थापनाने पुढाकार घेऊन 'डेल्सरेल' या नावाने सुट्टीच्या दिवशी खास गाड्या सुरू केल्या आणि बंद स्थानके त्या दिवसांपुरती उघडली. स्थानकाबाहेर जोडबस उभी असे. तिची आवश्यकता कळण्यासाठी डेंटचे उदाहरण पुरेसे आहे. इंग्लंडच्या मुख्य रेल्वेमार्गांवरील सर्वांत उंचावरचे हे स्थानक ज्या गावाच्या नावाने ओळखले जाते, ते गाव तेथून सुमारे ७ किलोमीटर दूर आणि बरेच खाली, खोऱ्यात वसले आहे.

या योजनेतील दूरदृष्टी वेगळ्याच गोष्टीत होती. शहरातील माणसे सकाळी डोंगराकडे येत, आणि खोऱ्यातील माणसे त्याच योजनेचा लाभ घेऊन खरेदीसाठी शहराकडे जात. दोन्ही दिशांना प्रवासी असल्याने सेवेस स्थानिक पाठिंबा लाभला. पुढे संपूर्ण सेटल–कार्लाइल मार्गच बंद करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा हा पाठिंबा मोलाचा ठरला. १९८६ मध्ये आठ स्थानके नियमित गाड्यांसाठी पुन्हा उघडली आणि १९८९ मध्ये मार्ग बंद करण्याचा प्रस्ताव शासनाने फेटाळला.

बसमुळे बदलणारी पदयात्रा

मोटारीने जाणारा पदयात्री एका अर्थाने बांधलेला असतो, कारण जेथे गाडी उभी केली तेथेच त्याला परत यावे लागते. साहजिकच त्याची वाट वर्तुळाकार होते, किंवा गेल्या वाटेनेच तो परततो. बसने जाणाऱ्यास हे बंधन नाही. एका गावी उतरून तो दुसऱ्या गावी बस पकडू शकतो. नदीच्या काठाकाठाने चालावयाचे असेल, किंवा एका खोऱ्यातून खिंड ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात उतरावयाचे असेल, तर हीच पद्धत स्वाभाविक होय. बस हा मोटारीचा स्वस्त पर्याय आहे, हा समज त्यामुळे अपुरा वाटतो.

व्हार्फ नदीच्या खोऱ्यात हे स्पष्ट दिसते. लीड्सकडून येणारी रविवारची ८७४ क्रमांकाची बस अनेक वर्षे इल्कली, बोल्टन ॲबी, बर्न्सल, ग्रासिंग्टन, केटलवेल असा प्रवास करीत बकडेनपर्यंत जात आली आहे. इल्कलीपासून निघणारी 'डेल्स वे' ही दीर्घ पायवाट याच खोऱ्याने वर चढते. त्यामुळे बसमार्ग आणि पायवाट जवळजवळ समांतर राहतात. ग्रासिंग्टनला उतरून केटलवेलपर्यंत चालल्यास सुमारे १० किलोमीटर होतात. ही वाट नदीपासून वर, चुनखडीच्या पायऱ्यांसारख्या कड्यांवरून जाते. दोन्ही बाजूंना चुना-मातीशिवाय रचलेल्या दगडी भिंती, आणि शेवटी उतार. थकलेल्याने केटलवेलला थांबावे. उत्साह असेल त्याने नदीकाठाने आणखी ६ किलोमीटर चालून बकडेन गाठावे.

वेळापत्रक मात्र शेवटच्या गाडीपासून उलटे वाचावे. बस दिवसातून मोजक्याच वेळा येते. तेव्हा जेथून परतीच्या गाड्या अधिक, तेथे चालणे संपेल अशी आखणी करणे शहाणपणाचे. म्हणजे सकाळी बसने टोकाच्या गावी जावे आणि चालत खाली यावे.

सेवेची अडचण

१९८५ च्या वाहतूक कायद्यानुसार १९८६ पासून लंडनबाहेरील बससेवा खुल्या स्पर्धेस मोकळी झाली. जो मार्ग नफ्यात चालत नाही तो 'सामाजिकदृष्ट्या आवश्यक' असेल तरच स्थानिक शासन त्यास अनुदान देते. शाळा, रुग्णालय, नोकरी या गरजा आवश्यक ठरतात. रविवारी डोंगरात फिरावयास जाणे ही मौज ठरते आणि अनुदान कमी झाले की प्रथम तिच्यावरच गदा येते. १९४९ च्या कायद्याने जो हक्क मानला, तो १९८५ च्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ही पोकळी भरून काढण्यासाठी बसप्रवाशांच्या संघटनेने २००७ मध्ये 'डेल्स अँड बोलँड' ही ना-नफा तत्त्वावरील कंपनी स्थापन केली. ती गाड्या स्वतः बाळगत नाही. स्वयंसेवक मार्ग आखतात, देणग्या व अनुदाने जमवितात आणि बसमालकांकडून सेवा चालवून घेतात. येथे आणखी एक पेच आहे. २००८ पासून इंग्लंडमधील ज्येष्ठ नागरिकांना देशभर स्थानिक बसप्रवास विनामूल्य आहे आणि रविवारच्या पदयात्रींत ज्येष्ठांचे प्रमाण मोठे असते. त्यांच्यापोटी मिळणारी भरपाई पूर्ण भाड्याइतकी नसते. गाडी भरलेली आणि गल्ला मात्र अपुरा, अशी ही स्थिती.

सह्याद्रीच्या संदर्भात

पुण्यात १ मे २०२२ रोजी सिंहगडावर ई-बस सुरू करून खाजगी वाहनांना घाट बंद करण्यात आला होता. गाड्यांची संख्या आणि चार्जिंगची सोय अपुरी पडल्याने ही सेवा त्याच महिन्यात थांबवावी लागली. ती केवळ पायथा ते माथा अशी होती. शहरातून येणाऱ्यास पायथ्यापर्यंत दुसऱ्या वाहनाने यावे लागे. डेल्सचा अनुभव लक्षात घेता, बस निघावी ती रेल्वे किंवा बसस्थानकापासून.

एका गावातून चढून दुसऱ्या गावात उतरण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. गुंजवण्यातून राजगड चढून, डोंगरधारेने तोरण्यावर जाऊन वेल्ह्यात उतरणारे अनेक जण आहेत. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना उपयोगी पडली ती एसटीची मुक्कामाची गाडी. ती सायंकाळी तालुक्याहून गावी येते, रात्री तेथेच थांबते आणि पहाटे गावकऱ्यांना घेऊन परत जाते. तिच्यातून गिर्यारोहक शनिवारी गावात पोहोचतो. मात्र रविवारी दुपारी गड उतरून आल्यावर त्याला हवी असलेली गाडी, आणि त्याच वेळी तालुक्याहून गावाकडे परतणाऱ्या माणसाला हवी असलेली गाडी, ही एकच असू शकते. वेळापत्रकात रविवार दुपारची अशी एक फेरी घालून पाहावयास हरकत नसावी.