शाळेची वार्ता आणि लेकराचे नाव

१

माझ्या बहिणीची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत आहे. बाप मोंढ्यात हमाली करतो, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. घरात एकच मोबाईल, तो बापाच्या खिशात. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी पोरीने दप्तर कोपऱ्यात टाकले आणि सांगितले, ‘मी उद्यापासून शाळेत जाणार नाही.’ कारण विचारले तर बोलेना. चौथ्या दिवशी बहिणीने मला फोन केला. मी गेलो. बराच वेळ गप्प बसून शेवटी पोरगी म्हणाली, ‘मामा, माझं नाव मोबाईलवर का टाकलं?’

प्रकार असा होता. मागासवर्गीय मुलींसाठीच्या सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीची यादी शाळेने पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. ज्यांचे बँक खाते आधारशी जोडलेले नाही त्यांनी ते जोडून घ्यावे, एवढाच हेतू. पण यादीत नाव होते, जात होती, प्रवर्ग होता, आधार क्रमांक होता, खाते क्रमांक होता. ग्रुपमध्ये दीडशे माणसे. बापाने यादी पाहिली. लेकीचे नाव आले म्हणून तो खूषच झाला. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या दोन मुलांनी तिला नावाऐवजी जातीच्या रकान्यातल्या शब्दाने हाक मारली. त्यानंतर कुणीतरी प्रवेशोत्सवाच्या फोटोतून तिचा चेहरा कापून त्याचे स्टिकर केले आणि ते मोठ्या मुलांच्या मोबाईलवर फिरू लागले.

मला माझी शाळा आठवली. नव्वदीच्या दशकात आमचे गुरुजी भरवर्गात म्हणत, ‘स्कॉलरशिपवाले उभे राहा.’ आम्ही सातजण उभे राहायचो. साऱ्या वर्गाची नजर आमच्या पाठीवर पडायची. पण ती नजर वर्गाच्या चार भिंतींत राहायची. शाळा सुटली की आम्ही ओढ्यावर पोहायला मोकळे. माझी भाची मात्र शाळा सुटल्यावरही उभीच आहे. ती यादी दीडशे खिशांत आहे, आणि ती कधी खाली बस म्हणणार नाही. हा फरक नीट समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

२

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. शाळेने वार्ता देऊच नये, असे माझे म्हणणे नाही. आपल्याविषयी दुसऱ्यांनी काय लिहावे याची वाट पाहत बसणे आपल्याला परवडणारे नाही, हे बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढून आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ सुरू करून दाखवून दिले आहे. वस्तीतली पोर ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर भाषण करते, २६ नोव्हेंबरला संविधानाची उद्देशिका न अडखळता म्हणते, आणि तिचा फोटो गावभर जातो. ज्या घरात तीन पिढ्यांत कुणाचा फोटो कुठे आला नाही, त्या घराला त्याचे मोल विचारा.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेच्या रजिस्टरात नाव असणे हा आपल्यासाठी केवढा मोठा पल्ला होता, हे त्यावरून कळावे. पण रजिस्टर शाळेच्या कपाटात असते. ते कुणी पाहावे, कशासाठी पाहावे, याला नियम असतो. रजिस्टरातली नोंद हा मुलाचा हक्क आहे. तीच नोंद चव्हाट्यावर मांडणे हा त्या हक्काचा भंग आहे. कागद तोच, जागा बदलली की त्याचा अर्थ बदलतो.

यात आणखी एक भेद आहे. डॉक्टरच्या मुलाचा फोटो बक्षीस घेताना येतो. आपल्या मुलाचा फोटो गणवेश घेताना, वह्या घेताना, सायकल घेताना येतो. देणारा मध्यभागी हसत उभा, घेणारे लेकरू कडेला. हक्काने मिळणारी वस्तू दान म्हणून छापली जाते, आणि ‘लाभार्थी’ हा शब्द लेकराच्या चेहऱ्याला चिकटतो. भाषण करणारी मुलगी आणि गणवेश घेणारी मुलगी एकच असली तरी या दोन वार्ता एक नाहीत. पहिलीत ती कर्ती आहे, दुसरीत ती पुरावा आहे.

३

मी मुख्याध्यापकांना भेटलो. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, ‘सर, वरून मागतात हो. अर्ध्या तासात फोटो पाठवा, आजच यादी पूर्ण करा. आम्ही शिकवायचं कधी?’ त्यांचे म्हणणे खोटे नाही. पोषण आहार, वृक्षारोपण, प्रभातफेरी, प्रत्येक गोष्टीचा फोटो हा आता कामाचा पुरावा झाला आहे. शिक्षकावर विश्वास नसलेली व्यवस्था लेकरांचे चेहरे पावती म्हणून मागते. शिक्षक मग जो फोटो वर पाठवायचा तोच पालकांच्या ग्रुपवर टाकतो, तोच स्वतःच्या स्टेटसला ठेवतो, आणि तोच फेसबुकवर चढवतो. धोका इथून सुरू होतो.

तो कसा, हे पाहू. शासकीय कामासाठी अनेक ठिकाणी जीपीएस कॅमेरा वापरतात. त्या फोटोवर गावाचे नाव, अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ छापलेली असते. खाली शिक्षक कौतुकाने मुलीचे पूर्ण नाव आणि इयत्ता लिहितात. चेहरा, नाव, शाळा, वेळ: चारही गोष्टी एका ठिकाणी आल्या. अनोळखी माणसाला लेकरापर्यंत पोहोचायला, ‘तुझ्या पप्पांनी मला पाठवलंय’ असे म्हणायला, याहून अधिक काही लागत नाही.

दुसरे, साध्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा मोबाईल नंबर सर्वांना दिसतो. आईचा नंबर ग्रुपमध्ये गेला की तो दीडशे घरांत गेला. एकट्याने संसार ओढणाऱ्या बाईला त्याचा त्रास कसा होतो, हे वेगळे सांगायला नको.

तिसरे, टाकलेली वस्तू परत घेता येते हा समज खोटा आहे. संदेश काही काळ सर्वांसाठी पुसता येतो. पण तेवढ्यात कुणी तो पुढे पाठवला असेल, स्क्रीनशॉट घेतला असेल, तर ती प्रत आपल्या हातात राहत नाही. आणि आता तर साध्या फोटोवरून खोटे, अश्लील चित्र बनवणारी साधने कुणाच्याही मोबाईलवर आली आहेत.

४

कायदा काय म्हणतो? आपल्या कार्यकर्त्यांना कायदा पाठ असला पाहिजे, कारण समोरचा ‘एवढ्याशा गोष्टीचं काय’ असेच म्हणणार.

२०१६ च्या आधार कायद्यानुसार कुणाचाही आधार क्रमांक जाहीर प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ वंचित घटकांतील मुलांशी भेदभाव होऊ नये याची जबाबदारी शासनावर टाकतो, आणि त्याचे कलम १७ मुलांच्या शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घालते. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार अत्याचारग्रस्त, साक्षीदार किंवा कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलाची ओळख प्रसारमाध्यमांत उघड करणे गुन्हा आहे; सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात मुलाचे नाव, पत्ता आणि शाळासुद्धा येते.

मुलांचे अश्लील चित्रण बनवणे व पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली आणि २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. असे चित्रण पाहणे आणि जवळ बाळगणे हेही गुन्ह्यात मोडते, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले. जाहीर दिसेल अशा ठिकाणी जातीवरून हेतुपुरस्सर अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच.

२०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. पण चांगल्या वागण्याला मुदतीची वाट पाहावी लागत नाही.

५

मग करायचे काय? नुसता राग उपयोगाचा नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर जागा असते. बहुतेक गावांत आपली माणसे या समितीत अंगठ्यापुरती असतात. ती बोलती झाली पाहिजेत. समितीत पुढील ठराव मांडता येतो:

जात, प्रवर्ग, आधार, बँक खाते, आजार, अपंगत्व यांची कोणतीही यादी ग्रुपवर टाकायची नाही; ज्याचा विषय त्याच्या पालकाला स्वतंत्रपणे कळवायचा. फोटो गटाचा असावा. चेहऱ्यासोबत पूर्ण नाव व इयत्ता लिहू नये. जीपीएसचा ठसा असलेला फोटो फक्त कार्यालयाला जावा. वस्तू वाटपाच्या फोटोत लेकरांचे चेहरे नकोत. वर्षारंभी पालकांची लेखी संमती घ्यावी, ती आधी मराठीत वाचून दाखवावी, आणि नाही म्हणणाऱ्याच्या मुलाला कार्यक्रमातून वगळू नये. ग्रुपवर फक्त शिक्षकांनी लिहावे. व्हॉट्सॲपच्या ‘कम्युनिटी’तील सूचनांच्या ग्रुपमध्ये पालकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, ती सोय वापरावी. आणि लेकराला स्वतःला विचारावे. दहा वर्षांच्या पोरीला आपला फोटो कुठे जावा याविषयी मत असते.

६

शाळेने एवढे केले तरी लेकरू स्वतः मोबाईल हातात घेणारच. २०२० च्या टाळेबंदीत शाळेनेच तो त्याच्या हाती दिला. ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षांच्या मुलांविषयी ‘असर’ची २०२४ ची पाहणी सांगते की, सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, पाहणीपूर्वीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरणारे ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. पण समाजमाध्यम वापरणाऱ्यांपैकी एखाद्याला अडवावे किंवा त्याची तक्रार कशी करावी हे ठाऊक असलेले जेमतेम ६२ टक्के. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम यांची स्वतःची वयोमर्यादा तेरा वर्षे आहे. प्राथमिक शाळेतले लेकरू तिथे असूच नये. ते असते, कारण खाते बापाच्या किंवा भावाच्या नावावर असते.

म्हणून घरात बोलणे हवे. अनोळखी माणसाने फोटो मागितला, गुपित ठेव म्हटले, धमकी दिली, तर आधी घरच्यांना सांगायचे, हे लेकराला आपण सांगितले पाहिजे. त्याहून महत्त्वाचे, सांगितल्यावर त्याला मार मिळणार नाही याची खात्री दिली पाहिजे. प्रकार घडलाच तर धमकीचे संदेश पुसू नयेत, नंबर टिपून ठेवावा. मात्र मुलाचे अश्लील चित्र पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला पुढे पाठवू नये, मोबाईलच पोलिसांना दाखवावा. बालकांसाठी १०९८, तातडीच्या मदतीसाठी ११२, ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक शाळेच्या भिंतीवर ठळक लिहावेत.

आपल्या वस्तीत या प्रश्नाला आणखी एक टोक आहे. मुलीचा फोटो फिरला की पहिला निर्णय काय होतो? तिची शाळा बंद. दुसरा निर्णय, तिचे लग्न. गुन्हा करणारा गावात उजळ माथ्याने फिरतो आणि शिक्षा पोरीला होते. सावित्रीबाईंनी शेणमातीचा मारा सोसला, पण शाळेची वाट सोडली नाही, हे आपण दर ३ जानेवारीला सांगतो. ते आपल्या घरातल्या पोरीच्या वेळी आठवत नसेल, तर त्या भाषणांना अर्थ उरत नाही.

माझी भाची अकराव्या दिवशी शाळेत गेली. मुख्याध्यापकांनी यादी काढून टाकली, पालकांना आपापल्या मोबाईलवरून ती पुसायला सांगितले, स्टिकर करणाऱ्या मुलांच्या घरी ते स्वतः गेले, आणि समितीच्या पुढच्या बैठकीत ठराव झाला. माझी बहीण त्या बैठकीत पहिल्यांदा बोलली. ती एवढेच म्हणाली, ‘माझ्या लेकीचं नाव मोठं करा, पण तिला विचारून करा.’

दीडशे मोबाईलमधली यादी खरोखर पुसली गेली का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. म्हणूनच पुढची यादी टाकली जाण्याआधी आपण समितीत बसलेलो असलो पाहिजे.